पेटलेल्या शहरातलं पिठलं

आई, मागच्या महिन्यात तिकडे लांब युद्ध सुरू झालं तेव्हा मी ऑफिसात डबा खात बसले होते. मेथीची भाजी होती आणि ती तुझ्यासारखी जमली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझं लक्ष भाजीकडे राहणार नाही. आमचं ऑफिस निगडीला आहे, बस टर्मिनसच्या समोर, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. ते तू पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी एका साप्ताहिकात निधनवार्ता आणि जाहिराती लावायचे, आणि बातमी म्हणजे एक तर कागद नाहीतर खोक्यातला टीव्ही, एवढंच आपल्याला माहीत होतं. आता बातमी फोनमध्ये राहते. आमचं छोटंसं मराठी चॅनल आहे, लोक ते बसमध्ये, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, संडासातसुद्धा बघतात. मी तिथे मथळे लिहिते. बातमी कुणी का जन्माला घालेना, बारशाला तिच्या कानात नाव सांगणारी आत्या मी. तर त्या दिवशी जेवता जेवता समोरचे सगळे पडदे एकदम लाल झाले आणि आमचे संपादक धावत आले. संपादक म्हणजे लातूरकडचा तरुण पोरगा आहे, मला ताई म्हणतो, सारखी पित्ताची गोळी खातो. म्हणाला, "ताई, भोंगा लावा मागं! सगळ्यांनी लावलाय, आपलंच चॅनल मुकं वाटायलंय." आणि मला घास तोंडात असताना असं हसू फुटलं की ठसकाच लागला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. तिकडे माणसं मरताहेत आणि ही बाई हसते काय! त्यांना सांगता येईना, म्हणून तुला सांगतेय.

भोंगा म्हटल्यावर तुलाही हसू येईल. काळेवाडीतली आपली खानावळ, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि भिंतीवरच्या लाकडी फळीवर तू भिशी लागल्यावर घेतलेला रंगीत टीव्ही. समोरच्या खानावळवाल्याने फ्रीज घेतला म्हणून तू टीव्ही घेतलास, उगाच बातम्यांच्या आवडीचं नाव सांगू नकोस. तेव्हाही असंच एक युद्ध चालू होतं, वाळवंटातलं, आणि हिंदी बातम्यांची चॅनलं दिवसरात्र ओरडायला नुकतीच शिकली होती. दुपारची वेळ आहे. दुसऱ्या पाळीची पोरं जेवायला बसलीत. मावशी पोळ्या लाटतेय, तू वाढतेयस, मी कॉलेजातून येऊन पाण्याचे तांबे भरतेय. आणि टीव्हीतल्या त्या लांबच्या शहरावर विमानं येतात, तिथला भोंगा वाजतो, चॅनलवाले तो आणखी मोठा करतात. आता आपल्याकडे भोंगा म्हणजे एकच. बाकांवरची पोरं खाडकन उठली. एकानेही मान वर करून टीव्हीकडे पाहिलं नाही, भोंग्याला डोळ्यांची गरजच नसते, पाय ऐकतात. मोरीवर हात धुवायला झुंबड, एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात, "आयला, उशीर झाला राव!" म्हणत सगळे रस्त्यावर. तू आमटीचं पातेलं हातात घेऊन त्यांच्यामागे धावलीस. "आरं थांबा की रं मुडद्यांनो! त्यो भोंगा टीव्हीतला हाय, कंपनीचा न्हाई!" सगळी भर रस्त्यात थांबली, एकमेकांकडे बघून पोट धरून हसली आणि खाली माना घालून परत ताटांवर येऊन बसली. एक तेवढा सायकल मारत थेट कंपनीच्या गेटवर जाऊन आला. वॉचमनने त्याला विचारलं म्हणे, एवढ्या लवकर कसा काय, बायकोशी भांडलास का? लग्न व्हायचं होतं बिचाऱ्याचं.

त्या दिवसापासून तुझा हुकूम निघाला: जेवणाच्या वेळी चित्र चालू, आवाज बंद. पोरं कुरकुरली, मग बातमी कळणार कशी? तर तू म्हणालीस, मी सांगते की. आणि खरंच सांगायला लागलीस. कमरेला पदर खोचून, हातात वाढायचा डाव घेऊन तू मुक्या टीव्हीवरचं युद्ध तुझ्या मराठीत सांगायचीस. बातमीदार हात नाचवायला लागला की म्हणायचीस, "ह्यो सकाळधरनं उपाशी हाय, च्या बी मिळाला न्हाई." पदकं लावलेला जाडजूड सेनापती दिसला की, "ह्यो सुपरवायजर." पाव घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या बायका दिसल्या की मात्र तुझा आवाज खाली यायचा. "हिच्या घरात चूल न्हाई पेटली बघा." तुझ्या युद्धात हरणारे-जिंकणारे कुणी नव्हतेच, जेवलेले आणि न जेवलेले एवढेच दोन पक्ष. पोरं हसायची आणि हसता हसता एखादी पोळी जास्त खायची, ते तुझ्या ध्यानात आलं होतं, तू काही कमी व्यवहारी नव्हतीस. चुकायचीसही भरपूर. एकदा पडद्यावर आपल्या देशाचा नकाशा आला, त्यावर लाल बाण विदर्भात घुसलेले. तू डाव छातीशी धरून ओरडलीस, "आगं बाई, नागपूरपतुर आले की गं!" चंद्रपूरचा एक पोरगा होता, त्याचा घास हातातच राहिला, डोळे पांढरे झाले त्याचे. मी धावत जाऊन आवाज मोठा केला तेव्हा कळलं की ती उष्णतेच्या लाटेची बातमी होती. त्या पोराला तू आठवडाभर जेवणावर लोणी वाढलंस. मला आजही टीव्हीवर हवामानाचा नकाशा सरळ तोंडाने बघता येत नाही.

आणखी एका गोष्टीची तुला आठवण करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्या शेजारी एसटीडीचं बूथ होतं. रविवारी पोरं गावाकडे फोन लावायची आणि पातळ भिंतीतून आपल्याला सगळं ऐकू यायचं. कावीळ होऊन आपल्याच पडवीत निजलेला पोरगा उठून जायचा आणि आईला सांगायचा, "मजेत आहे गं. पोटभर जेवतो. दोन भाज्या, वरण-भात, वर वाटीभर दही." तू आणि मावशी इकडे एकमेकींकडे बघायच्या. त्यावरून तू तुझा नियम काढलास: लांब गेलेलं पोरगं जेवणाचं कौतुक करत असेल तर समजायचं की त्याचं काहीतरी बिघडलंय, आमटीला चव नाही, भात कच्चा आहे, पोळ्या वातड आहेत असं चिडून सांगत असेल तर निवांत झोपावं, पोरगं धडधाकट आहे. मावशीने तो नियम पाठ केला. तिने तुझ्याकडून दोनच गोष्टी उचलल्या, एक हा नियम आणि दुसरी तपकिरीची सवय.

मी साप्ताहिकात लागले तेव्हा तू मला चार पुडांचा डबा दिलास आणि म्हणालीस, "भरल्या पोटी लिव. उपाशी मानूस बातमीला मसाला लावतो." मला तो डबा न्यायची लाज वाटायची, पण भूकही लागायची, त्यामुळे नेला. पुढे एकदा भंगाराच्या गोदामाला आग लागली तेव्हा पहिल्यांदाच मला खरी बातमी लिहायला मिळाली आणि मी लिहिलं, "आगीचे भीषण तांडव." तुला वाचून दाखवलं. तू भाकरी थापत होतीस, वर बघितलं नाहीस. "किती जण भाजले?" कुणी नाही. "मेलं का कुनी?" नाही. "मंग तांडव केलं कुनी गं? तू?" इतका राग आला होता मला तुझा! दोन दिवस अबोला धरला होता मी, आणि तुला पत्ताच नव्हता, कारण लग्नसराईच्या जेवणावळीत तुला कुणाशी बोलायला सवडच नव्हती.

आता तुला आमचं आजचं सांगते. युद्ध आहे कुठल्या कुठे, समुद्रापलीकडे, पण त्याचा बाजार मांडलाय तो इथे. आमच्याकडे एक चित्रफीत येते, धुराच्या लोटाची. तीच सगळ्यांकडे येते. एक चॅनल तिला सडेतोड उत्तर म्हणतं, दुसरं भ्याड हल्ला म्हणतं, धूर तोच. ज्यांची बाजू घ्यायची त्यांच्या घरातली लेकरं दाखवायची, त्यांची दप्तरं, त्यांची नावं. दुसऱ्या बाजूची माणसं मेली की तिथे माणसं नसतातच, नुसते तळ उद्ध्वस्त होतात. मग तिसरं महायुद्ध असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठोकायचं. प्रश्नचिन्ह लावलं की खोट्याचं पाप लागत नाही असा आमच्या धंद्यात समज आहे. एका चॅनलचा निवेदक तर स्टुडिओत एसीखाली खुर्चीत हेल्मेट घालून बसला होता. आपल्याकडे हेल्मेटसक्ती झाली की मोर्चे निघतात, आणि हा बाबा घरात बसून हेल्मेट घालतो! मी त्याला हसले खरी, पण मीही काही पाटावर बसून पूजा करत नव्हते. आखातातल्या एका शहराच्या बाहेर गोदामाला आग लागली होती, असं आलेल्या मजकुरात स्वच्छ लिहिलं होतं, शहर चालू आहे असंही लिहिलं होतं. मी मथळा दिला: "शहर पेटलं!" दोन शब्द. मोठ्या अक्षरात नीट बसले. मागे भोंगा, बाजूला लाल बाण. दिवसभर तीच आग फिरवून फिरवून दाखवली, इतकी की गोदामाचं गोदाम दहादा जळून जावं.

आणि मग काळेवाडीहून फोन आला. मावशीची थोरली सून. "ताई, आत्यांनी जेवण टाकलंय. तुम्ही या." मावशीचा धाकटा तुझ्या मांडीवर वाढला, तुला तो चड्डीतला आठवत असेल. आता तो मोठा फिटर झालाय, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता, मागच्या वर्षी एसीच्या कामाचं कंत्राट मिळालं म्हणून आखातात गेला. कुठल्या शहरात, ते तुला कळलंच असेल. मला ते माहीत होतं आई, मथळा देतानाही माहीत होतं. पण मथळा देताना शहर म्हणजे एक शब्द असतो, त्यात ओळखीचं माणूस राहतं हे डोक्यात येत नाही. मी पर्स उचलली, रिक्षा केली आणि काळेवाडी गाठली.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. समोर गुळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला, त्यावर आमचं चॅनल, त्यावर माझा मथळा. बाजूला ताट झाकून ठेवलेलं. मला बघितल्यावर म्हणाली, "ये तायडे. बघ, तुझंच चॅनल लावलंय. आपल्या घरचं म्हनून." मी विचारलं, तो फोन करतो ना? "करतो की. रोज करतो. म्हंतो, मजेत हाय आई, पोटभर जेवलो, वरन-भात, दोन भाज्या, वर दही." मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दही म्हंतो तायडे. तुझ्या आईनं काय शिकवलं हुतं?" तुझा नियम, तुझीच शिष्या, आणि तिचं गणित अगदी बरोबर. टीव्ही म्हणतो शहर पेटलंय आणि पोरगा म्हणतो वर दही होतं. मी म्हटलं, "अगं मावशी, ते सगळ्यांना दाखवायला तिखटमीठ लावून लिहितात." ती म्हणाली, "दुसऱ्या कुनाचं आसतं तर मी बी म्हनले आसते, फेकत्यात. पर हे तू लिवतीस. तुझ्या आईची लेक खोटं लिवंल व्हय?"

मी सांगायला लागले की आग एका गोदामाला आहे, शहराच्या बाहेर, शहर सुरू आहे. "मंग तसं का न्हाई लिवलं?" मी म्हटलं, जागा कमी असते मावशी. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ह्यो केवढा बान काढलाय लाल. त्याला बरी जागा हाय." सून तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं आणि लाजही वाटली, आणि दोन्ही गिळून मी म्हटलं, थांब, आत्ता तुझ्यासमोर व्हिडिओ कॉल लावते. लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मावशीने ते झाकलेलं ताट आणखी लांब सारलं. मी म्हटलं, कामात असेल, नेटवर्क नसेल. आम्ही तिघी त्या फोनकडे बघत बसलो. सुनेने चहा ठेवते म्हटलं आणि ठेवला नाही.

मग त्याचाच फोन आला. मी घाईघाईने उचलला, आणि पडद्यावर काय, तर धूर! नुसता धूर, करडा, दाट, फोनभर. मावशी उभीच राहिली. "पेटलं! पेटलं गं बया शहर!" सून किंचाळली. आणि धुरातून खोकत खोकत तिच्या लेकाचा आवाज आला, "आई, पिठलं करपलं!" मग एक हात आला, वर्तमानपत्राने धूर हाकलला, आणि त्यामागून घामाघूम झालेलं त्याचं तोंड दिसलं. "फोन वाजला, उचलायला हात मोकळा नव्हता, तेवढ्यात करपलं. वैताग आलाय नुसता! कॅन्टीन बंद आहे. आणि हा माझा रूमवाला केरळचा, म्हणतो खोबरेल तेलाची फोडणी दे. दिली. डोक्याला तेल लावल्यासारखा वास येतोय पिठल्याला. त्यात ह्या गुठळ्या बघ. आणि त्या कॅन्टीनच्या भातानं पोट बिघडलंय ते वेगळंच. पोळी असते ती चपलेच्या तळव्यासारखी!" मागून तो केरळचा पोरगा डोकावला, ताट हातात धरून, हसत. मावशी ऐकत होती. तिच्या तोंडावरचं एकेक सैल होत चाललेलं मी बघत होते. शेवटी ती म्हणाली, "आनि मंग काल म्हनलास दही?" त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाला, "काय सांगू मग? दोनदा मोठा आवाज झाला रात्री. आम्हाला सगळ्यांना खाली तळघरात बसवलं होतं. भीती वाटली गं. सकाळी वर आलो, कामाला गेलो. बाकी सगळं चालू आहे इथं, दुकानं, बस, सगळं." मावशी म्हणाली, "आसंच सांगत जा. भ्या वाटलं तर भ्या वाटलं म्हन, पोट बिघाडलं तर बिघाडलं म्हन. ते दही-बिही मला नगं. आनि येड्या, पीठ पाण्यात कालवून घेतलंस का आदी? फोडनीत कोरडं टाकलंस ना? मंग गुठळ्या न्हाई तर काय लाडू व्हनार हाईत? बारीक कर गॅस. बारीक कर आदी!" आणि असं ओरडता ओरडता तिचा हात आपोआप त्या ताटाकडे गेला, झाकण बाजूला झालं, भाकरीचा तुकडा मोडला गेला. सुनेने मला डोळ्यांनी खूण केली, बोलू नका, नुसतं बघा. पोराला पिठल्याचा धडा देता देता मावशीने पूर्ण भाकरी संपवली आणि वर म्हणाली, "तिखट कमी हाय."

ऑफिसात परत आले ती अंगात वारं भरल्यासारखी. संपादकांना म्हटलं, मथळा बदलायचाय. "शहराबाहेरच्या गोदामात आग, शहरातले व्यवहार सुरू, रहिवाशांमध्ये भीती." त्यांनी वाचलं आणि पित्ताची गोळी काढली. "ताई, हे पाणीकपातीच्या बातमीसारखं वाटायलंय ओ. कोण बघणार?" मी त्यांना मावशीचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, आणि मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "माझी आई पण गावाकडं बघती ना दिवसभर. मी तिला सांगून ठेवलंय, आपलं चॅनल तेवढं लावू नको म्हणून." आणि मग आम्ही दोघं जे हसलो आई, खालच्या मिठाईवाल्याने वर येऊन विचारलं की काय झालं. भोंगा तेव्हाच काढला. मथळा माझाच लागला. त्यात मी आणखी एक ओळ घातली, जी आधीपासून मजकुराच्या तळाशी पडून होती आणि कुणीच घेतली नव्हती: त्या गोदामाला लागून राहणाऱ्या एका कुटुंबाचं घर जळलं आणि त्यातली माणसं गेली. सगळं शहर पेटवायच्या नादात जे खरोखर पेटलं होतं ते घर आम्ही विसरलोच होतो. मी शोधशोध केली, पण त्यांची नावं कुठेच मिळाली नाहीत, आमच्याकडेही नाही आणि इतर कुणाकडेही नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

पण तू उदास होऊ नकोस, खरी गंमत पुढेच आहे. मावशीच्या लेकाकडून त्याच्या पिठल्याचा व्हिडिओ मागवून तोही आम्ही लावला, शहरात राहणारा आपला माणूस काय म्हणतो म्हणून. तो आवाजाची भीती बोलला, तळघराचं बोलला, आणि कॅन्टीनच्या पोळ्यांचंही बोलला. आमच्या ग्राफिक्सच्या पोराला सवय पडलेली, त्याने कढईच्या मागे भडकलेल्या ज्वाळा लावल्या आणि वर लाल बाण, सरळ पिठल्याकडे. मावशीचा लगेच फोन. "आगं, मी फोन ठिवल्यावर पुन्यांदा करपवलं का त्यानं?" त्या व्हिडिओखाली युद्धावर कुणी भांडलं नाही. चाकणहून, भोसरीहून, आळंदीहून लोकांनी लिहिलं, भावा, पीठ आधी भाजून घे. लसूण ठेचून घाल, चिरू नकोस. ताक घाल, गुठळी मोडते. एकाने लिहिलं, माझा भाऊ पण तिथेच आहे, त्याला ह्याच्या रूमचा पत्ता द्या, त्याला भाकरी येते. तो दिला आम्ही, दोघांच्या परवानगीने. आता तिथे दर शुक्रवारी पंगत बसते म्हणे. तू असतीस तर पहिल्याच दिवशी विचारलं असतंस, वाढतं कोण?

हे सगळं ऑफिसात बसूनच लिहिलंय, दोन बुलेटिनच्या मधल्या वेळात, समोरचे पडदे बडबडत असताना. आवाज मी बंद केलाय. हे कुठे टाकायचं नाही, तुला पत्ता तरी कुठला, आणि असता तरी तुला वाचता यायचं नाही, वाचून मलाच दाखवावं लागलं असतं. एक तेवढं वर लिहिताना गाळलं होतं, ते लिहिते आणि संपवते. पहिला फोन त्याने उचलला नाही ना, तेव्हा मी मावशीला नेटवर्क म्हणत होते, पण आतून मीच घाबरले होते. ते दोन शब्द मी स्वतः लिहिलेले, खोटे आहेत हे मला ठाऊक, तरी दिवसभर ऐकून ऐकून माझाही त्यांच्यावर विश्वास बसला होता. त्या धुरातून त्याचा खोकला ऐकू आला तेव्हा मावशी ओरडत होती आणि मी रडत होते. तिने वळून बघितलं आणि विचारलं, काय गं झालं? मी म्हटलं, काही नाही मावशी, धूर गेला डोळ्यात. धूर होता तिकडे, समुद्रापलीकडे, फोनच्या काचेमागे. मावशी बघत राहिली माझ्याकडे, मग तिने आपला पदर माझ्यापुढे केला.